दोघांसाठी चीजचं ताट

डेअरी चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. दूध घेणारा पिशवी भरेपर्यंत काहीतरी सांगतोच, आणि दही घेणारा तर मुद्दाम थांबून सांगतो. शेलूबाजारात हायवेला लागून माझी डेअरी आहे. बाहेर एक लांब बाक आहे आणि संध्याकाळी त्यावर बसणारी आमची ठरलेली मंडळी आहेत. बाकाचं भाडं मी घेत नाही, किस्से घेतो. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र इतके जमले, की थोडे सांगून मोकळे केल्याशिवाय नवे ठेवायला जागाच नाही!

आणि गंमत म्हणजे सगळे एकाच गोष्टीचे. चीजच्या ताटाचे.

*

सुरुवात गणेशनं केली. गणेशचं कृषी केंद्र माझ्या दुकानाच्या बाजूलाच आहे. फेब्रुवारीत त्याच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. एका दुपारी तो आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि चोरीचा माल दाखवावा तसा मोबाइल माझ्यापुढे धरला.

"काका, असं पायजे. घरीच. फक्त मी अन् कोमल."

फोटोत एक लाकडी फळी. तिच्यावर नाना तऱ्हेचं चीज, द्राक्षं, अक्रोड, मध, बिस्किटं आणि बाजूला पेटलेली मेणबत्ती. खाली लिहिलं होतं, चीज प्लॅटर.

मी म्हटलं, "बाप्पा, एवढ्या जातीचं चीज तं अकोल्यातबी भेटत नसन. माह्यापाशी क्यूब हाये, स्लाइस हाये, डब्यातलं लावाचं हाये. अन् पनीर."

"चार झाले नं!" गणेश खूश.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. पनीरचे त्रिकोण कापले. स्लाइसच्या सुरळ्या केल्या. परदेशी बिस्किटांच्या जागी खारी आली, ऑलिव्हच्या जागी बोरं आली. संत्र्याच्या फोडी लावल्या, हरभऱ्याचे सोले पेरले, मध मेडिकलमधून आणला. असं देखणं झालं की ते विकायचं माझ्याच जिवावर आलं. राहिली फळी. "थे मी पाहतो," गणेश म्हणाला.

त्यानं पाहिला तो आईचा पोळपाट!

संध्याकाळी गणेशच्या खोलीचं दार आतून बंद, मेणबत्ती लागलेली. बाहेर तवा तापलेला, कणीक मळलेली, आणि अख्खं घर पोळपाट शोधतंय. कोठीमागे पाहून झालं, शेजारी विचारून झालं. शेवटी गणेशच्या वडलांना आठवलं की पोरगा मघाशी टॉवेलाखाली काहीतरी झाकून घेऊन गेला होता. त्यांनी दार वाजवलं.

"गन्या, पोयपाट तुह्यापाशी हाये का रे?"

आत खारी घाईघाईनं चावल्याचं ऐकू आलं. मग बारीक आवाज आला, "हो. थोड्या वेळानं देतो."

गणेशच्या आईनं कपाळाला हात लावला. "दार लावून पोया लाटतेत का बाप्पा आता?"

*

हा किस्सा बाकावर सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसले. एकटे नामदेवकाका हसले नाहीत. काका म्हणजे आमच्या बाकावरचे सगळ्यांत वडील. बाराही महिने पांढरी टोपी, गावाच्या कडेला शेत, आणि बोलणं मोजकं. त्यांनी विचारलं, "सुधाकर, या ताटात गरम काहीच नसते?"

"काहीच नाही काका."

"म्हंजे तव्यावरून वाढाचं कोनाले काम नाई?"

"नाही."

"मंग थे बसन," काका म्हणाले.

थे म्हणजे आमच्या गयाकाकू. काका स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. लग्नाच्या दिवशी दोघांनी एकमेकांना घास भरवला. त्यानंतर काकू काकांसोबत जेवायला कधी बसल्याच नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही. आमच्याकडे घरोघर हेच आहे. गरम भाकर तव्यावरून सरळ ताटात पडली पाहिजे, आणि ती टाकणारीनं सगळ्यांच्या मागून जेवायचं. काकांनी "बस" म्हटलं की काकूंचं उत्तर ठरलेलं, "तुमचं होऊ द्या."

"पोरं होती तवा समजलं नाई," काका म्हणाले. "पोराईसंगं जेवत होतो. आता पोरगा पुन्याले, पोरगी सासरी. घरात मानसं दोन, अन् मी एकटाच जेवतो. लय वाईट वाटते, सुधाकर. एकदा तरी तिनं माह्यासंगं जेवावं."

मला उगाच फ्रीजरचं झाकण उघडून बंद करावंसं वाटलं. मग प्रकाश म्हणाला, "काका, उद्याच करू तुमचं ताट!" प्रकाश आमचा जीपवाला, त्याला सगळं उद्याच करायचं असतं.

"उद्या नाई," काका म्हणाले. "मले यातलं काई समजत नाई. आधी तुमी आपापल्या घरी करून पाहा. काय चुकते थे ध्यानात येईन. मंग मी करन."

काका नवीन बियाणंही असंच घेतात. आधी दुसऱ्याच्या वावरात उगवलेलं पाहतात.

*

पहिलं वावर माझं. माझ्या लग्नाचा वाढदिवस मार्चअखेरीला येतो. पोळपाटाचा घोटाळा नको म्हणून मी सुताराकडून सागाची छान फळी करून घेतली. तीच पुढे सगळ्या बाकानं वापरली.

मी फळी मांडली, द्राक्षं लावली, काकडीच्या चकत्या लावल्या आणि पुष्पाला हाक मारली. पुष्पा माझी बायको. निम्मी डेअरी तीच सांभाळते, पण चीजकडे तिनं आजवर विकायची वस्तू म्हणूनच पाहिलेलं. ती आली, फळीकडे पाहून लाजली. मला वाटलं, जमलं! मग तिनं एका तुकड्याला बोट लावलं.

"थंडं हाये हे."

"थंडंच खातेत."

"लग्नाच्या वाढदिवसाले मानसाले फ्रीजमधलं थंडं वाढता? बसा तुमी. आलेच."

फळी उचलून ती आत गेली. मोहरी तडतडल्याचा आवाज आला तसा मी धावलो, पण उशीर झाला होता. जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद! पनीर, क्यूब, स्लाइस, सगळं एका कढईत. काकडीही गेली. द्राक्षं तेवढी वाचली. कढईतून वाढताना चीजची तार निघाली ती माझ्या ताटापर्यंत आली, तरी तुटेना.

पुष्पा म्हणाली, "दिसाले चांगलं होतं. आता खायालेबी चांगलं झालं!"

खोटं कशाला बोलू, झालं होतं. मी चार पोळ्या खाल्ल्या. त्या चारही तिनं उभ्यानं गरम गरम वाढल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे बसली नाई," ते म्हणाले. जरा विचार केला आणि म्हणाले, "गॅसची टाकी काढून ठेवा लागते."

*

काकांनी तोवर चीज खाल्लेलंच नव्हतं. जे बायकोला खाऊ घालायचं ते आधी आपण खाऊन पाहावं, असं पुष्पा म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातावर एक क्यूब ठेवला. काकांनी चांदीचा कागद सोलला, अख्खा तुकडा तोंडात टाकला आणि हायवेकडे पाहत चावत बसले. एक ट्रक गेला, एसटी गेली, काका चावतच होते.

"कसं लागलं काका?"

"वाईट नाई," काका म्हणाले. "पन चांगलं कवा लागाले लागते?"

*

दुसरं वावर काळे सरांचं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि कुठलीही गोष्ट टाचण काढल्याशिवाय करत नाहीत. त्यांनी ताटाची आकृती कागदावर काढून आणली. इथे चीज, इथे फळं, इथे सुका मेवा, मधोमध मधाची वाटी. आकृतीत फक्त एक गोष्ट राहून गेली होती. त्या दिवशी संकष्टी होती!

सरांच्या घरच्या अलकावहिनींनी ताट पाहिलं आणि म्हणाल्या, "मले उपास हाये नं."

सर म्हणजे शेवटी मास्तर. त्यांनी मुद्देसूद पटवायला घेतलं. चीज कशाचं? दुधाचं. दूध उपासाला चालतं का? चालतं. मग? वहिनींनी माहेरी, धनजला, फोन लावला. तिकडून त्यांच्या आईनं विचारलं, "त्यात मीठ कोनतं टाकतेत?" सरांनी मला फोन लावला. मी चीज विकतो, बनवत नाही. माहेरी पुन्हा फोन गेला. शेवटी धनजहून निकाल आला, की दुधाचं आहे तर चालतं, पण खारी काढून टाका आणि हात धुऊन मग शिवा.

मग ताटाचा कायापालट झाला. खारी गेली, बटाट्याचा पापड आला. अक्रोडाशेजारी भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, भगरीचे वडे. सर आणि वहिनी ते ताट घेऊन गच्चीवर गेले. चंद्र निघेपर्यंत गार वाऱ्यात दोघंच बसायचं, असा सरांचा बेत.

संकष्टीला गच्चीवर दोघंच कशी असतील? आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर बायका चंद्राची वाट पाहत उभ्या होत्या. "काय हो वयनी, काय आनलं?" "उपासाचं हाये, घ्या नं!" झालं. वहिनी फळी घेऊन या कठड्यावरून त्या कठड्याकडे. सर एका कोपऱ्यात, हातात राजगिऱ्याचा लाडू. चंद्र निघाला तेव्हा फळीवर मधाची वाटी तेवढी शिल्लक होती.

पुढच्या चतुर्थीला सकाळीच दुकानात तीन बायका आल्या. "भाऊ, थे उपासाचं चीज द्या."

मी म्हटलं, "माह्यापाशी सगळं उपासाचंच हाये!"

त्या आठवड्यात माल टाकायला आलेला गाडीवाला विचारत होता, "सुधाकरभाऊ, शेलूत पिझ्झाचं हॉटेल निघालं का?" काळे सरांकडून फळी परत आली ती रिकामी नव्हती. वरती कुरडया होत्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडायचं नाही, हे आमच्या बायकांना सांगावं लागत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. "बसली नाई," ते म्हणाले. "अन् गच्चीवर तं जाचंच नाई."

*

तिसरं वावर प्रकाशचं. प्रकाशचा अभ्यास असा, की खोट ताटात नाही, माणसांत आहे. म्हणून त्यानं माणसंच कमी केली. पोरांना आजोळी इंझोरीला सोडून आला, फोन बंद केला, पुढच्या दाराला कडी घातली, लाइट घालवला, मेणबत्ती लावली. आणि त्याची बायको सुनीता बसली! खरोखर बसली, त्याच्या समोर, मांडी घालून. त्यानं चीजवर मिरचीचा ठेचा लावून पहिला घास तिला दिला.

फक्त वेळ दिवेलागणीची होती. आमच्या गावात दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवतात, लक्ष्मी यायची वेळ असते. त्या वेळी कोणाचं दार बंद दिसलं, घरात अंधार दिसला, तर त्याचा एकच अर्थ काढतात. आधी बाजूच्या म्हातारीनं हाक मारली. मग तिनं आणखी दोघींना बोलावलं. फोन बंद. खिडकीतून पाहिलं तर लाइट नाही, एकच ज्योत तेवतेय, आणि दोघं जमिनीवर गप्प बसलेली.

कडी काढायला लावून म्हातारी आत शिरली आणि सुनीताच्या गळ्यात पडली. "कोन गेलं वं बाई?"

सुनीताच्या तोंडात चीज, चीजवर ठेचा. बोलता येईना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते पाहून बाकीच्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले. प्रकाश ओरडत होता, "कोनी नाई गेलं! लग्नाचा वाढदिवस हाये!" पण ऐकतो कोण? कोणीतरी इंझोरीला फोन केलाच होता, तासाभरात तिकडून सासरेबुवा पोरांना घेऊन हजर झाले, सोबत चुलत सासरे. मग सगळ्यांना कळलं, सगळे हसले, आणि सुनीता उठून सगळ्यांसाठी चहा मांडायला गेली.

म्हातारी जाताना चीजचा तुकडा घेऊन गेली. दारातून म्हणाली, "कोनी गेलं नाई तं दार उघडं ठेवत जा बाप्पा. आमाले रडाले लावलं फुकट!"

*

आता राहिले काका.

त्यांच्या लग्नाची तारीख कोणाला ठाऊक नव्हती. काका म्हणाले, "आंबे पिकले होते." आंबे आता पिकलेच होते, म्हणून एक वार नक्की केला. चतुर्थी नाही, एकादशी नाही, हे सरांनी कॅलेंडरात दोनदा पाहिलं. दार उघडं ठेवायचं, हे प्रकाशनं बजावलं. "फक्त पोयपाट नका घेऊ," गणेश म्हणाला. ताट मी स्वतः लावलं, चीजसोबत हापूस नव्हे, आमच्याकडचा गावरान आंबा, काकडी, खारी, शेंगदाणे. पुष्पानं मात्र खरं कामाचं सांगितलं.

"काका, बाईले उठाचं कारनच ठेवू नका. पानी जवळ ठेवा, मीठ जवळ ठेवा, फडकं जवळ ठेवा. म्हंजे कशी उठतीन?"

त्या संध्याकाळी बाकावर आम्ही चौघंच होतो आणि कोणाचंच बोलण्यात लक्ष नव्हतं. प्रकाशनं एक फेरी सोडली. सर उगाच पेपर उलटसुलट करत होते. एका म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाची आम्ही इतकी काळजी करू, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण मला खरंच वाटत होतं की काकूंनी बसावं. पुष्पा तर दोनदा म्हणाली, "बसल्या असतीन का हो?"

सकाळी दूध वाटून होतंय तोच काका आले. काखेत फळी, धुऊन पुसून स्वच्छ. ती त्यांनी पुष्पाच्या हाती दिली, बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. गणेश कृषी केंद्राचं शटर अर्धवट सोडून आला. प्रकाशची जीप सवारीसकट उभी होती, सवारीही कान देऊन. सर शाळेत जाता जाता थांबले.

"काका, सांगा नं!"

काका सावकाश बोलू लागले. त्यांनी दोन पाट मांडले होते, समोरासमोर. पुष्पानं सांगितलं तसं सगळं भोवती ठेवलं. तांब्या, मीठ, लोणचं, फडकं, चाकू, पंखासुद्धा. काकूंनी दारातूनच विचारलं, "पूजा मांडली का काय?"

"जेवन हाये. तुह्यं अन् माह्यं."

"भाकर?"

"आज भाकर नाई."

"भाकर नाई तं जेवन कायचं? तुमी बसा. तुमचं होऊ द्या."

काका पाटावर बसले. काकू स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या. काका म्हणाले, यात वाढायचं काहीच नाही, ये. काकू म्हणाल्या, दूध तापवायचं राहिलं. दूध तापलं. मग त्यांना शेळी आठवली. शेळी बांधून आल्या तर तुळशीपुढे दिवा लावायचा होता. दिवा लावून आल्या, ते पुन्हा ओट्यापाशीच. काका म्हणाले, "बस वं." त्या म्हणाल्या, "मले नाई जमत तुमच्यासमोर बसाले. सवयच नाई. घासच जात नाई खाली."

"लाजली," काका आम्हाला म्हणाले. "या वयात."

गणेशला दम धरवेना. "पन काका, बसल्या का नाई काकू?"

"नाई बसली."

प्रकाशनं मांडीवर हात आपटला. सर म्हणाले, "असू द्या काका. पुढच्या वर्षी पाहू." मी उगाच कॅन हलवला. काका शांत. चेहऱ्यावर दुःख म्हणावं तर तेही दिसेना. पुष्पा हातातल्या फळीकडे पाहत होती.

"काका," ती म्हणाली, "ताट तं पुरं सरलं दिसते. कोनं खाल्लं?"

"दोघायनं."

"संगं?"

"संगंच. शेवटच्या फोडीपर्यंत. थे म्हने, आंब्यासंगं बरं लागते."

"पन काकू बसल्याच नाई म्हनता नं तुमी?"

काकांनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"थे नाई बसली," ते म्हणाले. "मंग मीच उठलो."